जाग्यावर पलटी

कोल्हापुरात चारचौघांत 'मी डोपिंग करतो' असं म्हणू नये. हे शहाणपण मला २००६च्या जूनमध्ये आलं, मंगळवार पेठेत भाड्याच्या खोलीत राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी. घरमालक अण्णा जुने पैलवान. दोन्ही कान तालमीत मोडलेले, आणि मान कुठं संपून खांदा कुठं सुरू होतो हे ठरवायला मोजपट्टी लागावी असा देह. चहा देऊन त्यांनी विचारलं, "काय शिकतोस?"

"पीएच.डी. करतोय. फिजिक्समध्ये."

"म्हंजे नेमकं काय?"

इथं 'सोलरचं काहीतरी' असं मोघम सांगून सुटता आलं असतं. पण पीएच.डी.ला लागून दीड महिना झालेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच 'नेमकं' विचारलं होतं. मी छाती काढून म्हणालो, "झिंक ऑक्साईडमध्ये ॲल्युमिनियमचं डोपिंग करतो."

अण्णांनी बशी खाली ठेवली.

"हे बघ पोरा, शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत मी कुस्त्या मारल्यात त्या दूध-बदामावर. सुया टोचून न्हाई. माझ्या घरात ती भानगड चालायची न्हाई."

"मी नाही टोचून घेत अण्णा, काचेवर करतो."

"काचेला कशाला पाहिजे ताकद?"

हा प्रश्न पुढं पाच वर्षं मला छळणार होता, पण त्या संध्याकाळी मला फक्त खोली हवी होती. म्हणून मी समजावायला बसलो. जस्ताचं भस्म म्हणजे झिंक ऑक्साईड. आयुर्वेदातलं यशद भस्म ते हेच, घामोळ्यांवरच्या गुलाबी कॅलामाइनमध्ये हेच, टायरच्या रबरात हेच. त्याचा अगदी पातळ थर काचेवर दिला तर तो आरपार दिसतो. त्यात चिमूटभर ॲल्युमिनियम मिसळलं तर त्यातून वीजही वाहते. आरपार दिसणारी आणि वीज वाहणारी वस्तू जगात फार थोडी. मोबाईलच्या पडद्याला आणि काही जातींच्या सौर घटांना ती लागते. तिथं जो इंडियम वापरतात तो दुर्मीळ आणि महाग, जस्त स्वस्त आणि मुबलक. तर ही चिमूट घालणं म्हणजे डोपिंग.

"म्हंजे फोडणी," अण्णा म्हणाले.

खोली मिळाली.

आता हे सगळं कोल्हापुरातच का, असं बाहेरच्या वाचकाला वाटेल. तांबड्या रश्श्याच्या गावात पातळ थर कुठून आले? पण शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाची ही जुनी ओळख आहे. प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. सी. एच. भोसले, प्रा. पी. एस. पाटील, प्रा. के. वाय. राजपुरे या मंडळींनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वस्तातल्या रासायनिक पद्धतींनी थर बनवण्याचं काम इथं उभं केलं. पाटील सरांनी १९९९ साली फवारणीच्या पद्धतीवर लिहिलेला आढावा या विषयातला परदेशी विद्यार्थीही वाचतो. काचेची पट्टी या चंबूतून त्या चंबूत आळीपाळीनं बुडवून थर चढवायची पद्धत आहे, तिच्यावर लोखंडे सरांनी पठाण यांच्यासोबत २००४ साली लिहिलेला आढावाही तसाच. कोट्यवधींचं निर्वात यंत्र नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा शेगडी, कॉम्प्रेसर आणि डोकं एवढ्यावर भागवायचं, हा त्यातला कोल्हापुरी बाणा. माझ्याकडं यांपैकी शेगडी आणि कॉम्प्रेसर होता.

मी त्या विभागातला नव्हे. जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काम करत होतो. तिचं नाव सांगत नाही, कारण तिनं माझं काही बिघडवलेलं नाही. जे बिघडलं ते मी स्वतःच्या हातानं, दोन दिवस खपून, नीट वहीत नोंद करून बिघडवलं.

फवारणीची पद्धत दिसायला सोपी. काचेच्या पट्ट्या शेगडीवर सव्वाचारशे अंशांना तापत ठेवायच्या. झिंक ॲसिटेट पाण्यात विरघळवून काचेच्या बारीक नोझलमधून हवेच्या दाबानं त्यांच्यावर फवारायचं. थेंब काचेपर्यंत पोचतो तोवर पाण्याची वाफ होते, ॲसिटेट तुटतं आणि मागं झिंक ऑक्साईड बसतं. केसाच्या दोनेकशे पट पातळ थर. द्रावण अडीचशे मिलीलिटर हवं असेल तर झिंक ॲसिटेट ५.४९ ग्रॅम. दोन टक्के ॲल्युमिनियम घालायचं तर ॲल्युमिनियम नायट्रेट ०.१८८ ग्रॅम, म्हणजे पोह्यावर भुरभुरतो त्या मिठापेक्षाही कमी.

पहिल्या दिवशी माझं द्रावण पांढरंफेक झालं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार पेल्यात घेतल्यावर दिसतं तसं. आमच्या प्रयोगशाळेत माझ्या पुढची एक ताई होती, तिची पीएच.डी. संपत आलेली. तिनं चंबू उजेडात धरला आणि म्हणाली, "ॲसेटिक ॲसिड घातलास का?"

"किती घालायचं असतं?"

"चार थेंब. नाहीतर झिंक हायड्रॉक्साईड खाली बसतं. व्हय बाजूला, मी करतो."

(कोल्हापूरच्या बायका 'मी करतो, मी जातो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. आम्हाला त्यांच्या नवलाचं नवल वाटतं.)

तिनं चार थेंब टाकले आणि दुधाचं पाणी झालं. उलटा चमत्कार. त्या दिवसभर प्रयोगशाळेला व्हिनेगरचा वास येत होता आणि शिपाईमामा दारातूनच 'आज कुणाचं लोणचं?' म्हणून विचारून गेले.

दुसरी अडचण वीज. ते भारनियमनाचे दिवस. फवारणी वीस मिनिटांची, आणि वीज बाराव्या मिनिटाला जायची असा काही करारच असावा. कॉम्प्रेसर बंद पडला की नोझलमधून फवारा येत नाही, थेंब येतो. सव्वाचारशे अंशांच्या काचेवर थंड थेंब पडला की 'टच्' असा एक बारीक आवाज होतो आणि चार पट्ट्यांच्या आठ पट्ट्या होतात. असे आठ मी बरेच केले.

तरीही त्या पहिल्या दिवशी दोन नमुने जमले. एक बिनडोपिंगचा आणि एक एक टक्क्याचा. ताईनं जाता जाता सांगितलं, "हिऱ्याच्या पेन्सिलीनं नंबर मागच्या बाजूला कोर. पुढच्या बाजूला फिल्म, मागच्या बाजूला नंबर. सगळीकडं हीच पद्धत हाय. विसरू नकोस, हे थर डोळ्याला दिसत नाहीत."

मी विसरलो नाही. मी त्यात सुधारणा केली.

दुसऱ्या दिवशी दोन, तीन आणि पाच टक्क्यांचे नमुने करायचे होते. पट्ट्या शेगडीवर मांडताना माझ्या लक्षात आलं की नंबर खालच्या बाजूला असेल तर कुठली पट्टी कुठली हे वरून कळणार कसं? शेगडीवर वाकून खालून बघायचं का? ताईची पद्धत जुनाट होती. मी आधीच नंबर कोरून ठेवले आणि तीनही वेळा पट्ट्या नंबर वर करून मांडल्या. फवारा त्या नंबरांवरच बसला. गार झाल्यावर मल्टिमीटर लावून बघितला. बिनडोपिंगच्या थराचा रोध मेगा-ओहममध्ये होता, दोन टक्क्यांचा काही किलो-ओहमवर आला होता. ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू जस्ताची जागा घेताना एक इलेक्ट्रॉन जादा देऊन जातो, तोच हा गुण. मी पाचही पट्ट्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून, कंपास पेटीत भरून क्ष-किरणांच्या तपासणीला पाठवल्या आणि महाद्वार रोडला मिसळ खायला गेलो.

वाट बघण्याच्या त्या दहा दिवसांत मी गावाकडं गेलो होतो. आमचं गाव कागल तालुक्यात. घरची अडीच एकर, सगळा ऊस, शहाऐंशी-शून्य-बत्तीस. वडिलांना माझ्या अभ्यासाबद्दल एकच गोष्ट कळली होती आणि ती त्यांनी उचलून धरली होती. आम्ही लोक क्ष-किरणांच्या आलेखावरच्या टोकाला 'पीक' म्हणतो. फोनवर मी कुणाला तरी 'पीक चांगला आलाय' म्हणालेलो त्यांनी ऐकलं होतं.

"कसलं पीक? आणि 'आला' काय, 'आलं' म्हण."

मग बांधावर बसून मी सांगितलं. झिंक ऑक्साईडचे स्फटिक सहा बाजूंच्या खांबासारखे असतात. काचेवर ते जमले तर सगळे उभे राहतात, एकाशेजारी एक, डोकं वर. ते असे उभे असले की आलेखात ३४.४ अंशांना एक उंच टोक येतं. तेच आमचं पीक. ॲल्युमिनियम बेतानं घातलं तर खांब सरळ राहतात. जास्त झालं तर आडवेतिडवे वाढायला लागतात, खुजे राहतात, आणि ते टोक बुटकं होतं.

वडिलांनी समोरच्या सरीकडं बघितलं. "म्हंजे युरिया जास्त झाला की ऊस लोळतोय तसं."

पुढं प्रबंधात मी हेच बारा पानांत लिहिलं. संदर्भ म्हणून त्यांचं नाव द्यायला हवं होतं, राहून गेलं.

आत नेमकं काय होतं ते मला केएमटीच्या बसमध्ये जास्त चांगलं कळलं. जस्ताच्या आयनाची त्रिज्या साधारण ०.७४ ॲंगस्ट्रॉम, ॲल्युमिनियमची ०.५३. जस्ताच्या सीटवर ॲल्युमिनियम बसला म्हणजे पैलवानाच्या जागेवर शाळकरी पोरगं बसलं. शेजारचे दोघं थोडे आत सरकतात, जाळी किंचित आवळते, आणि आलेखातलं टोक केसभर उजवीकडं जातं. एखाद-दुसरं पोरगं बसलं तर बसचं काही बिघडत नाही. पण शाळा सुटली की पोरं सीटवर मावत नाहीत, मग ती दारात लोंबकळतात, दोन सीटच्या मध्ये घुसतात, कंडक्टरच्या पायाशी बसतात. स्फटिकातही जादा ॲल्युमिनियम असंच दोन कणांच्या सांध्यात जाऊन साचतं. स्फटिकाची वाढ तिथंच अडते, आणि वीजही. इंडियमची गोष्ट उलटी, त्याचा आयन जस्तापेक्षा अंगानं मोठा, तो बसला की शेजारी बाहेर ढकलले जातात. आणि तांबं जवळजवळ जस्ताच्याच मापाचं. ते बसलं तर जागेवरून भांडण नाही, त्याची भांडणं इलेक्ट्रॉनांवरून.

असो. आलेख आले.

बिनडोपिंगचा नमुना: ३४.४ अंशांना सुरेख टोक. एक टक्का: त्याहून उंच, केसभर उजवीकडं. आणि दोन टक्के: काही नाही. टोक नाही, टोकाचा मागमूस नाही. फक्त २५ अंशांच्या आसपास एक पसरट उंचवटा, पांघरूण घेऊन झोपलेल्या म्हशीसारखा. तीन टक्के: तीच म्हैस. पाच टक्के: तीच म्हैस.

शहाण्या माणसाला यावर शंका आली असती. मला सिद्धांत सुचला.

एक आणि दोन टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी एक उंबरठा आहे, असं मी वहीत लिहिलं. तो ओलांडला की झिंक ऑक्साईडची सगळी रचना एका क्षणात कोसळते आणि पदार्थ काचेसारखा अस्फटिक होतो. 'काचेसारखा' हा शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिला आणि खाली रेघही ओढली. मग शेररचं सूत्र लावलं. स्विस शास्त्रज्ञ पॉल शेरर यांनी १९१८ साली दिलेल्या या सूत्रानं टोकाच्या रुंदीवरून स्फटिकाचं आकारमान काढता येतं. अट एवढीच की टोक असावं. मी ते त्या उंचवट्याला लावलं. उत्तर आलं १.०२ नॅनोमीटर. दोन टक्क्यांना १.०२, तीन टक्क्यांना १.०२, पाच टक्क्यांना १.०२. झिंक ऑक्साईडची एक घरकुल-पेशी ०.५२ नॅनोमीटर उंच असते, म्हणजे माझे स्फटिक जेमतेम दोन मजल्यांचे होते. तिन्ही आकडे दशांशासकट सारखे का, याला मी 'संपृक्तता' असं नाव दिलं. आणि रचना कोसळलेली असताना दोन टक्क्यांच्या थरातून वीज सगळ्यात चांगली कशी वाहत होती? त्याला मी 'विसंगत वर्तन' म्हटलं. विज्ञानात एखाद्या गोष्टीला नाव दिलं की ती समजल्यासारखी वाटते.

माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवायला हवं होतं. पण ते त्या महिन्यात नॅकच्या फायलींच्या मागं दिसेनासे झाले होते आणि चर्चासत्राला सारांश पाठवायचा शेवटचा दिवस होता. मी पाठवून दिला. शीर्षकात 'क्रिटिकल' हा शब्द दोनदा.

खरं तर मला सावध करणारा एक माणूस भेटला होता. माझे मामा शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. रविवारी मटणाला बोलावलं तेव्हा मी माझा शोध त्यांना ऐकवला. मामा सातवी शिकलेले, पण चिमटीनं रचना बदलते हे मला त्यांना शिकवायची गरज नव्हती. साध्या बिडाच्या पोटात ग्रॅफाईटच्या पाकळ्या असतात, म्हणून ते बीड आपटलं की फुटतं. ओतायच्या आधी त्या रसात इतकंच मॅग्नेशियम मुरवतात की शेवटी शंभर किलोमागं चाळीसेक ग्रॅम शिल्लक राहावं. तेवढ्यानं पाकळ्यांच्या गोळ्या होतात आणि तेच लोखंड वाकतं पण तुटत नाही. त्याला 'एसजी' म्हणतात, कोल्हापूरच्या फाउंड्र्या ते गाड्यांच्या भागांसाठी ओततात.

"आणि मॅग्नेशियम घातल्यावर रेंगाळलास तर ते उडून जातंय. दहा-एक मिनिटांत ओतायला पाहिजे," मामा म्हणाले. "तुझं काय झालं म्हणालास? दोन, तीन, पाच, तिन्हीचं टेस्टिंग सेम?"

"सेम. दशांशापर्यंत."

मामांनी नळीतला मगज चोखून घेतला. "आमच्यात तीन हीटचं टेस्टिंग असं सेम आलं तर आम्ही हीटकडं बघत न्हाई. टेस्टपीस कुणी दिला त्या पोराला बोलावतोय."

मी हसलो. पदार्थविज्ञान आणि बीड यांतला फरक त्यांना समजावून सांगावा असं मनात आलं, पण पांढरा रस्सा गार होत होता.

चर्चासत्रासाठी भित्तिपत्र छापायचं होतं. ज्या शहरात वाढदिवस माणसाचा की फ्लेक्सचा हे सांगणं कठीण, तिथं छपाईला अडचण नव्हती. दुकानातला पोरगा माझी सीडी उघडून आलेखांकडं बराच वेळ बघत राहिला.

"भावा, फोटो कुठाय?"

"हेच फोटो आहेत. एक्सआरडी."

"आरं तुझा फोटो. गॉगलवाला असला तर दे, ह्यो मधला मोकळा पट्टा भरून निघंल."

मी नको म्हणालो. त्याला वाईट वाटलं. रात्री फ्लेक्स हातात आला तेव्हा त्यानं आपल्या मनानं भोवती भगवी महिरप काढली होती आणि आभार मानलेल्या ओळीशेजारी जोडलेले दोन हात टाकले होते. पैसे जादा घेतले नाहीत. बदलायला वेळ नव्हता.

चर्चासत्र दुसऱ्या जिल्ह्यात होतं. मांडवात पन्नास-साठ भित्तिपत्रं, त्यात महिरपीचं एकच. त्यामुळं गर्दी माझ्याकडं होती आणि मी तिचं श्रेय सिद्धांताला दिलं. दोन-तीन मुलांनी उंबरठ्याबद्दल विचारलं, मी हात हलवून समजावलं. एकानं वहीत उतरवून घेतलं. त्या मुलाचा मी आजही अपराधी आहे.

दुपारी साडेतीनला एक वयस्कर प्राध्यापक आले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खांद्याला शबनम. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आलेख वाचले. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचले.

"हे तीन आलेख वेगळे आहेत?"

"हो सर. दोन, तीन, पाच टक्के."

"मला एकच दिसतोय, तीनदा." मग थोडं थांबून, "पट्ट्या आणल्यात?"

आणल्या होत्या. मिरवायला म्हणून कंपास पेटी बरोबरच होती. त्यांनी पाच टक्क्यांची पट्टी कडेनं धरली, मांडवातल्या ट्यूबलाइटखाली तिरकी केली, उलटी केली, पुन्हा तिरकी केली. एका बाजूनं फिकट हिरवी-गुलाबी झाक दिसत होती, तेलाच्या तवंगावर दिसते तशी. दुसऱ्या बाजूनं काही नाही.

"मल्टिमीटर मिळेल का कुठं?"

माईक बंद पडला होता म्हणून साउंडवाला स्टेजमागं बसून वायरी तपासत होता. त्याचं पिवळं मीटर आलं. सरांनी एका बाजूला दोन टोकं टेकवली. मीटरनं डावीकडं नुसता १ दाखवला, म्हणजे वीज जातच नाही. पट्टी उलटी केली. किलो-ओहम.

"नंबर कुठल्या बाजूला कोरलाय तुम्ही?"

"वरच्या, सर."

"वर म्हणजे?"

त्या 'वर म्हणजे'नंतरची शांतता मला अजून ऐकू येते. माझ्या डोळ्यांसमोर तपासणीच्या यंत्रावर बसलेला तो अनोळखी माणूस आला. बिचाऱ्यानं जगाच्या रीतीप्रमाणं नंबर खाली करून पट्टी ठेवली असणार. क्ष-किरण वरून आले, सव्वा मिलिमीटर जाडीच्या उघड्या काचेवर पडले, थरापर्यंत पोचण्याआधीच जिरले आणि काचेचाच आलेख काढून परत गेले. २५ अंशांवर झोपलेली ती म्हैस काचेची होती. ती काचेची असते हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तीन वेळा मी कोरी काच तपासून घेतली होती, आणि तिन्ही वेळा ती काचेसारखी निघाली होती.

सर हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. पट्टी टिश्यूत गुंडाळून परत देत म्हणाले, "काचेचा अभ्यास चांगला केलाय. एक पॉइंट शून्य दोन... दोन दशांश कशाला घेतलेत?" साउंडवाल्याला मीटर परत करायला ते स्वतः गेले.

मी फ्लेक्स गुंडाळला. सहभागाचं प्रमाणपत्र मात्र मिळालं, त्यावर शीर्षक पूर्ण छापलेलं, 'क्रिटिकल' दोन्ही जागी.

कोल्हापुरात एक म्हण आहे, 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.' निवडणुकीच्या मिरवणुकीपासून क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांपर्यंत कुठंही ऐकू येते. त्या दिवशी ती माझ्या पट्ट्यांना लागू पडली. रात्री उशिरा खोलीवर पोचलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते आणि तोंड का उतरलंय म्हणून विचारत होते. मी सगळं सांगितलं. पट्टी हातात घेऊन दाखवलं, थर ही बाजू, यंत्रात ही बाजू वर.

अण्णांनी पट्टी तळहातावर ठेवली, उलटी केली, सुलटी केली.

"म्हंजे तुझी काच पालथी पडली होती?"

"हो."

"मग हरली कुठं? पाठ जमिनीला लागली तर कुस्ती जाते. पालथ्या गड्याला पंच कधी चीत देत न्हाईत. पुन्यांदा लाव."

पुन्हा लावली. यावेळी ताई पाकीट बंद करण्याआधी प्रत्येक पट्टीवर मीटर टेकवून बघत होती, आणि थराच्या बाजूला टिश्यूवर लाल पेननं 'हीच' असं लिहीत होती. आलेख आले. दोन टक्क्यांना ३४.४च्या किंचित उजवीकडं टोक, ठणठणीत. तीन टक्क्यांना थोडं उतरलेलं. पाच टक्क्यांना बुटकं आणि रुंद, शेजारी दुसऱ्या दिशेचं एक टोक डोकं वर काढत असलेलं. जगभरच्या लोकांना जे दिसतं तेच मला दिसलं. माझा उंबरठा, माझी संपृक्तता, माझं विसंगत वर्तन, सगळं गेलं आणि मागं एक साधं, बरोबर प्रकरण उरलं. प्रबंधातलं तिसरं. मार्गदर्शक सर ते वाचून म्हणाले, "यात नवीन काय आहे?" मी गप्प बसलो. नवीन जे होतं ते चर्चासत्राच्या सारांश-पुस्तिकेत छापून बसलं होतं, आणि ती परत घेता येत नव्हती.

फ्लेक्स मी गावाकडं नेला. मजबूत होता, आठ बाय पाच फूट. वडिलांनी तो गोठ्याच्या पत्र्याखाली ताणून बांधला, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून, छापील बाजू आत. पुढची आठ वर्षं तो तिथं टिकला. भगव्या महिरपीत दोन, तीन आणि पाच टक्क्यांच्या तीन सारख्या म्हशी वर, आणि त्यांच्याखाली आमच्या दोन.